चादरीचा रंग बादलीत का उतरला?

सोलापुरात राहून चादर धुता येत नाही म्हणजे लाजच. मागच्या महिन्यात दोन आणल्या, एक जड जेकार्डची (विणतानाच नक्षी काढलेली) मरून, दुसरी रस्त्यावरून स्वस्तात घेतलेली लाल. आई म्हणत होती की लाल वेगळी भिजव, पण मी दोन्ही धुण्यात टाकल्या आणि वर माझा पांढरा बनियनपण. अर्ध्या तासात बादलीत कोकम सरबत आणि बनियन गुलाबी. नंतर मरून एकटी भिजवली, तर पाणी जवळपास स्वच्छ.

डाइंगमधला मित्र हसला, "बे, ती लाल डायरेक्ट डायची, मरून रिॲक्टिव्हची." सगळी केमिस्ट्री एवढ्यातच आली.

कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी, आणि प्रत्येक कडीला ३ ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, लटकलेले. डायरेक्ट डायचे लांबट चपटे रेणू या साखळीला नुसते चिकटून बसतात, हायड्रोजन बाँड (एका रेणूतल्या हायड्रोजनची शेजारच्या ऑक्सिजनकडची ओढ) आणि व्हॅन डर वाल्स ओढीनं, म्हणजे जवळ आलेल्या रेणूंमधल्या हलक्या ओढीनं. पण हायड्रोजन बाँड पाण्यालाही जमतो ना, मग पाणी मधे घुसतं, रंगाची जागा घेतं आणि रंग बादलीत. रिॲक्टिव्ह डाय मात्र कापसाशी कोव्हॅलंट बाँड करतो, म्हणजे दोघं इलेक्ट्रॉन वाटून घेतात. हायड्रोजन बाँड तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) साधारण २० किलोज्यूल लागतात, कार्बन-ऑक्सिजनचा तोडायला ३५० च्या आसपास. साध्या धुण्यानं तो तुटत नाही. असे कापसाचे रंग आयसीआय या ब्रिटिश कंपनीनं १९५६ मध्ये बाजारात आणले.

सुताच्या लडी रंगवताना आधी मीठ घालतात, नंतर धुण्याचा सोडा. पाण्यात कापसावर थोडा ऋण भार येतो, रंगावरही ऋण, म्हणून दोघं एकमेकांना ढकलतात. मिठातले सोडियम आयन, म्हणजे धन भाराचे अणू, मधे येऊन ते भांडण कमी करतात. मग सोड्यानं पाणी अल्कली झालं की ओएचमधला हायड्रोजन सुटतो आणि बाँड जुळतो. पण काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच जुळून वाया जातो, तो गरम साबणाच्या पाण्यात नीट काढला नाही तर चांगली चादरपण पहिल्या पाण्याला थोडा रंग सोडते. लगेच दुकानदाराला शिव्या घालू नका.

आणि घरी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो म्हणतात, ते अर्धंच खरं. मीठ असेपर्यंत रंग कमी सुटतो, पुढच्या साध्या पाण्यात परत सुरू, कारण मिठानं कोव्हॅलंट बाँड होत नाही.

मिठाचा स्वतःचा बाँड तिसऱ्याच जातीचा, आयनिक, म्हणजे धन आणि ऋण भारांची ओढ. वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, पण खडा बत्त्यानं ठोकला की भुगा, कारण थर सरकला की सारखे भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना फेकून देतात. लोखंडी तवा ठोकला तर नुसता पोचा पडतो, धातूत इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, अणू सरकले तरी कुणाचं बिघडत नाही.

टॉवेल पाणी ओढतो तेही त्याच ओएचमुळं. पॉलिस्टरच्या साखळीला असे गट लटकलेले नसतात, म्हणून ते अंग पुसायला बेकार पण वाळायला झटपट. सुती शर्टावर पाणी शिंपडून इस्त्री करतो तेव्हा चुणीतले हायड्रोजन बाँड सुटतात आणि कापड सपाट असताना वाळलं की नवीन जुळतात.

बनियन चार धुण्यांनंतर फिकट गुलाबी झालाय. त्याच्यावर बसलेला रंगही डायरेक्टच, त्यामुळं अजून दोन-चार पाणी देऊन बघतोय, तोवर शर्टाच्या आत चालतंय.