स्वकाळजी आराखडा

ताण वाढू लागला की काय करायचे, कोणाला सांगायचे आणि काय टाळायचे, हे डोके शांत असताना स्वतःपुरते लिहून ठेवलेले टिपण म्हणजे स्वकाळजी आराखडा. समुपदेशक तो लिहून घेतात. कसलाही आजार नसलेला माणूसही करू शकतो. ‘टेन्शन घेऊ नको’ या फुकटच्या सल्ल्याहून तो वेगळा आहे, कारण टेन्शन येणारच हे त्यात आधीच धरलेले असते.

ताणाची शास्त्रीय मांडणी संशोधक हान्स सेली यांनी 1936 मध्ये केली. थंडी, जखम, अतिश्रम अशी कारणे वेगवेगळी असली तरी उंदरांच्या शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखाच असतो, असे त्यांना आढळले. संकट दिसताच अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक नाडीचा वेग वाढवते, कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक रक्तात साखर पुरवते. घटकाभरासाठी ही तरतूद उपकारकच. आठवडेच्या आठवडे चालू राहिली की झोप, पचन आणि रक्तदाब बिघडू लागतात.

आराखड्याचा गाभा सांगलीकरांना वेगळा समजवावा लागत नाही. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ‘आयर्विनला किती फूट?’ हे पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही विचारले जाते. नदीकाठचा शहाणा माणूस इशाऱ्यालाच सामान वर चढवतो. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबलेल्यांची फसगत झाली. मनाच्याही अशा दोन पातळ्या असतात, आणि त्या प्रत्येकाच्या निराळ्या. कोणाला रात्री तीनला जाग येते, कोणी पोरांवर विनाकारण खेकसतो, कोणाचा चहा तीन कपांवरून आठवर जातो, कोणी फोनच उचलत नाही. या खुणा आपल्याआधी घरच्यांना दिसतात. म्हणून आराखड्याचे पहिले वाक्य बायकोला, आईला किंवा खोलीतल्या मित्राला विचारून लिहावे. उत्तर ऐकायला सहसा गोड नसते.

खुणेपुढे कृती लिहायची, तीही नेमकी. ‘असे झाले, तर तसे करीन’ या साच्यातला निश्चय नुसत्या संकल्पापेक्षा अधिक पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 मध्ये मांडले. तासगावकडचा द्राक्षबागायतदार घ्या. फळछाटणीनंतर आभाळ भरून आले की दावण्या या द्राक्षावरच्या बुरशीरोगाची धास्ती, औषधांचे बिल आणि दर दहा मिनिटांनी मोबाइलवर हवामान. त्याच्या कागदावर ‘सकारात्मक राहीन’ असे लिहून काही साधत नाही. ‘हवामान सकाळ-संध्याकाळ एकेकदाच बघीन, रात्री फवारणी झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेन, पाऊस झालाच तर आधी दोस्ताला फोन, मग हिशोब’ हे मात्र चालते.

बाकीच्या नोंदी सर्वांना ठाऊक असतात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की नाडी मंदावते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. सांगलीच्या गावभाग पेठेत राहणाऱ्याला कृष्णेचा घाट त्यासाठी पुरतो. दिवसभर भांगलण करणाऱ्या बाईला मात्र ‘रोज चालत जा’ म्हणणे ही थट्टाच. तिच्या कागदावर आपण काय करू यापेक्षा आपले कोणते काम दुसरे कोणी करील, हे आधी यावे. टाळायच्या गोष्टींत दारू वरच्या ओळीत हवी: ती झोप लावते आणि उत्तररात्री मोडते.

मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाशी तोंड देण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या: अडचण सोडवणे आणि भावना सावरणे. आराखड्यांत बहुधा दुसरीचीच रेलचेल असते. बेदाण्याचा दर पडून गावच्या शेतीकर्ज सोसायटीचे कर्ज थकले, तर प्राणायामाने हप्ता भरला जात नाही. तेथे सोसायटीच्या सचिवाला कोणत्या दिवशी भेटायचे ही नोंदही स्वकाळजीच होय. समाजाचे दुखणे एकट्याच्या माथी मारले जाते, हा या कल्पनेवरील आक्षेप त्यामुळे अगदीच पोकळ नाही.

धोका पातळीपुढे हा कागद पुरत नाही. दोन आठवडे मन उदास, कामात लक्ष नाही, अन्नावर वासना नाही, अशी स्थिती राहिली तर डॉक्टर गाठावा. टेलिमानस ही मोफत सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तेथे मराठीत, केव्हाही बोलता येते. जगणे नकोसे वाटल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे घरातून हलवावीत. हे काम त्याचे नव्हे, भोवतालच्यांचे. म्हणून आराखड्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे असावी.

आराखडा एका पानात बसावा. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे तो बरा राहतो. द्राक्षपट्ट्यात तो उघडून दुरुस्त करायची सोयीची वेळ म्हणजे फळछाटणीच्या आधीचा आठवडा.