साकाबातो आणि मिनेउची: उलट्या धारेची तलवार की उलटा वार?

‘रुरोनी केनशिन’ ही तलवारबाज केनशिनची जपानी कथा पडद्यावर पाहिलेले बरेच जण पाठीने, म्हणजे बोथट बाजूने मारलेली कुठलीही जपानी तलवार दिसली की तिला साकाबातो म्हणून मोकळे होतात. गोंधळ साहजिक आहे, कारण दोन्हीकडे समोरचा माणूस न कापला जाता कोसळतो. पण साकाबातो हे शस्त्र आहे आणि मिनेउची ही वार करण्याची रीत.

साकाबातो नोबुहिरो वात्सुकी यांच्या १९९४ साली सुरू झालेल्या ‘रुरोनी केनशिन’ या मांगातली, म्हणजे जपानी चित्रकथेतली. कतानाची, म्हणजे नेहमीच्या बाकदार जपानी तलवारीची, धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला असते, हिची आतल्या. त्यामुळे केनशिनने नेहमीसारखा वार केला तरी बोथट बाजूच लागते. अशी तलवार घडवणं मोठं अवघड काम आहे. पोलादाला पाणी देताना धारेकडचा भाग कडक होतो, थोडा फुगतो आणि पातं पाठीकडे वाकतं. कतानाचा डौलदार बाक बराचसा इथेच येतो. धार आतून हवी असेल, तर तेच पाणी बाक सरळ करू पाहणार. म्हणजे लोहाराने पातं आधीच जास्त वाकवून ठेवायला हवं.

मिनेउचीला वेगळी तलवार लागत नाही. हातातली कताना मुठीत फिरवायची आणि पाठीने मारायचं. जपानी ऐतिहासिक मालिकांतले नायक हे सर्रास करतात, पण खऱ्या पात्याला ते सोसेलच असं नाही. पाठ चिवट, धार कडक आणि म्हणून ठिसूळ. पाठीने जोरात हाणलं की ताण धारेवर येतो आणि तडा जाऊ शकतो.

दोन्हींत जीव वाचेलच ही समजूतही सोडायला हवी. साधारण किलोभर पोलाद डोक्यात बसलं तर माणूस मरू शकतो. जपानच्या एदो काळातले (१६०३–१८६८) पोलिसही गुन्हेगाराला जिवंत धरायला तलवारीऐवजी जित्ते, म्हणजे आकडा असलेला लोखंडी दांडा, वापरत.

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक निराळाच. मिनेउचीतली दया त्या क्षणापुरती. मूठ फिरली की तीच तलवार पुन्हा जीव घ्यायला तयार. साकाबातोने मारायचं तर ती मुद्दाम उलटवावी लागते. एकेकाळी मारेकरी असलेल्या आणि पुन्हा कुणाला न मारण्याची शपथ घेतलेल्या केनशिनला म्हणूनच नुसती मिनेउची पुरली नसती.

चित्रात ओळखायचं असेल, तर धारेलगतची लाटेसारखी रेघ, हामोन, बघा. ती बाकाच्या आतल्या अंगाला असेल तर साकाबातो. बाहेरच्या अंगाला असून पाठ शत्रूकडे वळलेली असेल, तर मिनेउची.