वेबसाईटवर मजकूर आणि फोटो यांचा मेळ

साईटवर आलेल्या माणसाला काहीतरी पटवायचं असतं, फ्लॅट बघायला या, साडी घ्या, क्लासला नाव घाला, आणि त्यातलं किती काम शब्दांनी करायचं आणि किती फोटोंनी हे ठरवणं म्हणजे हा मेळ. निम्मं-निम्मं असं गणित नसतं. फोटोत जे दिसतंय ते परत लिहायचं नाही आणि जे दिसूच शकत नाही ते लिहायलाच लागतं, एवढं धरून चाललं तरी बरीच पेजेस सुटसुटीत होतात.

पुण्यात हे सगळ्यात जास्त बिघडतं ते बिल्डरच्या साईटवर. वाकड, बाणेर, हिंजवडीतला कुठलाही प्रोजेक्ट उघडा, वर अख्खी स्क्रीन भरून थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं इमारतीचं चित्र, स्विमिंग पूल, झाडं, आणि त्यावर स्वप्नातल्या घराची एखादी ओळ. घर घेणाऱ्याला हवं असतं कार्पेट एरिया किती, ताबा कधी, सगळं धरून किंमत काय, ते रेंडरमधे कुठून दिसणार? मापं टाकलेला साधा फ्लोअर प्लॅन आणि शेजारी दोन ओळी जास्त पटवून जातात, आणि बांधकाम कुठवर आलंय त्याचे खरे फोटो दर महिन्याला टाकले तर अजूनच. शिवाय कायदा आहेच. घरखरेदीतल्या व्यवहारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे जाहिरातीत प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे हा कायदा राज्यात राबवणाऱ्या प्राधिकरणाने, क्यूआर कोडही सक्तीचा केलाय, आणि जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या गोष्टीवर विसंबून पैसे भरून नुकसान झालं तर भरपाई मागता येते. म्हणजे चित्रसुद्धा दावाच धरला जातो.

लक्ष्मी रोडवरच्या पैठणीचं उलटं. तिथे वर्णनाचे परिच्छेद कोणी वाचत नाही, पदर आणि काठ जवळून दाखवा, मागची बाजू तर नक्कीच, कारण हातमागाची पैठणी ओळखायला लोक साडी उलटूनच बघतात. शब्दांनी फक्त जरीची तार कसली, सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) आहे का, ब्लाऊजपीस आहे का आणि परत घेणार का एवढं सांगावं.

नजरेचा अभ्यासही झालाय. वेबसाईट वापरायला किती सोप्या यावर काम करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मधे दाखवलं की लोक वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचतात आणि मग डावीकडून खाली सरकतात, इंग्रजी एफ अक्षरासारखं. त्याआधी १९९८ मधे बेनवे आणि लेन या संशोधकांना आढळलं की जाहिरातीसारखा दिसणारा चौकोन लोक बघतच नाहीत, मग आत कामाची माहिती असली तरी. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट भडक बॅनरमधे कोंबू नये.

मराठी साईटवर एक सवय अजून सुटत नाही, मजकूर फोटोतच चिकटवून टाकायचा. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी ओळखली जाण्याची पद्धत, रुळायच्या आधी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असायचा, समोरच्याकडे तो नसला की कचरा दिसायचा, तेव्हा ते ठीक होतं. आता त्याने नुकसानच आहे, मोबाईलवर अक्षर बारीक होतं, दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, कॉपी करता येत नाही. फोटोवर ओळ टाकायचीच तर ती खरा मजकूर म्हणून टाकावी आणि मागे गडद पट्टा द्यावा, साईट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावी म्हणून केलेल्या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत साध्या अक्षरांसाठी निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) सांगितलाय. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे देवनागरीत दोन ओळींमधे इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर मात्रा एकमेकींवर आपटतात.

राहिला वेग. गूगलच्या मोजमापात पेजवरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसला तर चांगलं धरतात, बहुतेक वेळा तो वरचा फोटोच असतो, म्हणून तो वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमधे छोटा करून टाकावा.