कानातले दडे आणि तीन अक्षरांचा गोंधळ

खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन सुटतात. तो ‘टक्’ म्हणजे मध्यकर्ण (पडद्यामागची पोकळी) आणि नाकाची मागची बाजू जोडणारी युस्टेशियन नळी उघडल्याची खूण, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. दडे सुटेनासे झाले की खरी पंचाईत होते. मग फाइलवर ‘ईटीडी’ अशी तीन अक्षरं उमटतात : युस्टेशियन ट्यूब डिसफंक्शन, म्हणजे नळीच्या कामात बिघाड. कसला बिघाड, ते त्या अक्षरांत नसतं.

नळीचं बारकाईचं वर्णन रोममध्ये 1560 च्या दशकात झालं. नाक-तोंड मिटून कानात हवा ढकलण्याची जी युक्ती आपण विमानात करतो, ती 1704 च्या एका इटालियन ग्रंथात आहे, पण तिथे ती कानातला पू बाहेर काढण्यासाठी. 1724 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या पोस्टमास्तराने स्वतःच्या बहिरेपणावर उपाय म्हणून तोंडातून वाकडी नळी घालून युस्टेशियन नळीचं तोंड धुण्याची कल्पना मांडली. डॉक्टरांच्या आधी टपालखात्याचा माणूस तिथवर पोचला, ही गंमतच. 1801 मध्ये लंडनच्या एका सर्जनने अशा बहिरेपणात कानाच्या पडद्यालाच छिद्र पाडून बघितलं. 1863 मध्ये व्हिएन्नात रबरी फुगा आला : रोग्याने पाण्याचा घोट गिळायचा, त्याच क्षणी डॉक्टरने नाकपुडीत फुगा दाबायचा.

या सगळ्यांच्या मनात नळी म्हणजे तुंबलेली मोरी होती. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच एका इंग्रज डॉक्टरने दाखवून दिलं होतं, की नळी एरवी मिटलेलीच असते आणि गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. मोठ्या माणसात ती साधारण 36 मिलिमीटर लांब. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, उरलेला कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा. उघडझाप होते ती या कूर्चेच्या भागात, स्नायूंच्या ओढीने. म्हणजे बिघाड अडकलेल्या बोळ्याचा नसतो. अस्तर सुजतं किंवा स्नायूंची ओढ पुरत नाही. लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असल्याने सर्दी झाली की कान ठणकतो. 1868 मधली अ‍ॅडेनॉइडची (नाकामागच्या गाठीची) ओळख आणि 1954 मध्ये आलेलं प्लास्टिकचं ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची चिमुकली नळी, ही दोन्ही याच वाटेवरची.

आता मुख्य गाठ. मोठ्या माणसांची नळी रुंदावणारा बलून 2010 च्या सुमारास जर्मनीतून पुढे आला. नाकातून आत घालायचा, कूर्चेच्या भागात दोन मिनिटं फुगवायचा, काढून घ्यायचा. साधन हातात आलं, पण ते कोणत्या रोग्यावर वापरायचं याची एकमुखी व्याख्या नव्हती. ती ठरवायला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ 2014 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जमले, आणि त्यांचं निवेदन 2015 मध्ये छापलं गेलं. अमेरिकेत बलूनला परवानगी मिळाली 2016 मध्ये. औजार आधी आलं, आजाराची चौकट नंतर आखली गेली. हा क्रम मला खटकतो.

निवेदनाने तीन प्रकार वेगळे केले. नळी पुरेशी उघडत नाही, हा पहिला. एरवी ठीक पण घाटात, विमानात किंवा पाण्याखाली त्रास देते, हा दुसरा. तिसरा नेमका उलटा : नळी मिटतच नाही. तीन महिन्यांच्या आतलं दुखणं अल्पकालीन, पुढचं जुनाट. पहिल्या प्रकारात नुसतं ‘कान भरल्यासारखा वाटतो’ एवढं पुरत नाही, मध्यकर्णात दाब कमी असल्याचा पुरावा लागतो. तो टिंपॅनोमेट्रीत दिसतो. रबरी टोकाने कान बंद करतात, बारीक गुणगुण ऐकू येते, आतला हवेचा दाब खाली-वर होतो आणि कागदावर रेघ उमटते. मध्यभागी नीट टेकाड आलं तर ‘ए’, टेकाड बाजूला ऋण दाबाकडे सरकलं तर ‘सी’, रेघ सपाट तर ‘बी’. टेकाड छान ‘ए’ असूनही पाठीमागे ‘ईटीडी’ लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींचं दुखणं जबड्याच्या सांध्यात निघतं.

बलूनच्या बाजूने आकडे आहेतच. 2018 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत औषधाच्या जोडीला बलून दिलेल्या गटात सहा आठवड्यांनी सुमारे 52 टक्क्यांची टिंपॅनोमेट्री नॉर्मल झाली, नुसता नाकातला स्टिरॉइड स्प्रे घेतलेल्यांत 14 टक्क्यांची. फरक लहान नाही. मात्र तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया नव्हती, आपल्याला काय मिळालं हे रोग्याला ठाऊक होतं. रेघेला त्याने काही होत नाही, ‘बरं वाटतं’ला होतं.

तिसऱ्या प्रकारात तर बलून उलटा पडायचा. 2019 च्या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या निवेदनात, हा प्रकार नाही ना हे आधी तपासून घ्या, असं म्हटलं आहे. या रोग्यालाही कान बंद वाटतो, म्हणून फसगत होते. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, श्वास कानात ऐकू येतो. कित्येकदा वजन झपाट्याने उतरल्यावर हे सुरू होतं. आडवं पडलं किंवा डोकं खाली घातलं की बरं वाटतं. म्हणून रोग्याला बसवूनच तपासायचं, तक्रार चालू असताना. एक नाकपुडी बंद करून जोरात श्वास घ्यायला सांगायचं आणि दुर्बिणीतून पडद्याकडे बघत राहायचं : श्वासागणिक तो आत-बाहेर होताना दिसतो.