‘स्क्वॉटर’ नेमके कोण होते? मलायातील चिनी ‘नव्या गावां’ची पार्श्वभूमी

मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पीय भागात, कम्युनिस्ट गनिमांविरुद्ध ब्रिटिशांनी लावलेल्या आणीबाणीत (१९४८ ते १९६०) सुमारे पाच लाख चिनी ग्रामस्थांना गनिमांपासून तोडण्यासाठी तारेच्या कुंपणाआडच्या ‘नव्या गावां’त हलवले गेले. त्यांच्यासाठी सगळ्या सरकारी कागदांत एकच शब्द आहे : स्क्वॉटर. मराठीत तो सरळ ‘अतिक्रमणदार’ असा उतरवला जातो आणि गफलत तिथूनच सुरू होते. गायरानात रातोरात झोपडी टाकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मलायातला स्क्वॉटर त्या साच्यात बसत नाही.

या एका शब्दाखाली निदान चार प्रकारची माणसे होती. पहिली, १९३० च्या मंदीत कथिलाच्या खाणींतून आणि रबराच्या मळ्यांतून काढून टाकलेले मजूर. पेराक राज्यातल्या किंता खोऱ्यात त्यांना भाजीपाला पिकवून पोट भरता यावे म्हणून सरकारनेच तात्पुरते वहिवाटीचे परवाने दिले. परवाना एका वर्षाचा, दरवर्षी नव्याने काढायचा. दुसरी, १९४२ नंतर जपानी सैन्याच्या भीतीने शहरे सोडून जंगलाच्या कडेला गेलेली कुटुंबे. ब्रह्मदेश आणि सयाममधून येणारा तांदूळ आटल्यावर जपानी प्रशासनाने राखीव जंगले आणि रबराचे मळे अन्नपिकांसाठी खुले केले. तिथे ही माणसे स्थिरावली. तिसरी, महायुद्ध संपल्यावर आलेली. तेव्हाही तांदळाचा दुष्काळ होता आणि परतलेल्या ब्रिटिश प्रशासनाला ‘कुठेही पिकवा, पण पिकवा’ असेच हवे होते. चौथी, जी खरे तर कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर भाडे देऊन राहत होती, पण त्याची नोंद कुठेच नव्हती. थोडक्यात, वहिवाट होती, सातबारा नव्हता. काहींची वहिवाट तर वीस वर्षांची होती.

१९४७-४८ मध्ये जंगल खात्याला आपली राखीव जंगले आणि मळेवाल्यांना आपल्या जमिनी परत हव्या झाल्या. काल ज्याला पिकवायला सांगितले, तोच आज बेकायदा ठरला. जून १९४८ मध्ये पेराकमधील सुंगाई सिपुतजवळ तीन युरोपीय मळेवाल्यांचे खून झाले आणि आणीबाणी लागली, तेव्हा जंगलाच्या कडेला राहणारा हा समाज आधीच नोटिसांनी त्रासलेला होता. गनिमांना त्याच्याकडून तांदूळ, औषधे आणि बातम्या मिळत, हे खरे. काही जण मनापासून देत, काही भीतीपोटी. पण जमिनीचा कागद आधीच मिळाला असता, तर बंडाच्या बंदोबस्ताचा निम्मा प्रश्न उभाच राहिला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद का मिळाला नाही, यालाही कारण आहे. १९४८ च्या संघराज्य करारानुसार जमीन हा राज्यांचा, म्हणजे सुलतानांच्या प्रशासनांचा विषय होता. मलय लोकांसाठी जमीन राखून ठेवण्याचा कायदा १९१३ पासून होता. चिनी लोकांना कायमचे पट्टे देणे म्हणजे मलय हक्कांना धक्का, अशी राज्यांची भूमिका होती. क्वालालंपूरमधल्या सरकारने नेमलेल्या समितीने १९४९ च्या सुरुवातीलाच शिफारस केली होती की शक्य तिथे लोकांना आहेत त्याच जागी स्थिर करावे, नाहीतर जवळपास वसवावे. राज्यांनी वर्षभर काही हालचाल केली नाही.

त्या रिकाम्या काळात जे घडले ते बंदोबस्ताच्या इतिहासातले सर्वांत वाईट आहे. जानेवारी १९४९ मध्ये एक नवा नियम आला. त्यानुसार एखाद्या वस्तीतल्या सगळ्यांना एकगठ्ठा ताब्यात घेऊन चीनला पाठवता येत असे. पहाटे वेढा, घरे जाळणे, माणसे छावणीत, तिथून जहाजावर. त्याआधी डिसेंबर १९४८ मध्ये सेलांगोरमधील बातांग काली इथे एका ब्रिटिश तुकडीने मळ्यावरच्या २४ नि:शस्त्र ग्रामस्थांना ठार केले. ‘पळून जाताना गोळ्या घातल्या’ हा अधिकृत खुलासा. मृतांच्या नातलगांनी तो कधीच मानला नाही. चौकशीची त्यांची मागणी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये फेटाळली गेली. ऑक्टोबर १९४९ मध्ये चीनमध्ये सत्ता बदलली, तिथली बंदरे मलायातून पाठवलेल्यांना घेईनात आणि हद्दपारीचा मार्ग जवळपास बंद झाला. पुनर्वसनाचा विचार जोर धरू लागला तो यानंतर. दयेपेक्षा हा दरवाजा बंद होण्याचा वाटा त्यात मोठा होता.

१९५० च्या एप्रिलमध्ये आलेले, गनिमांविरुद्धच्या मोहिमेचे संचालक हे निवृत्त लष्करी अधिकारी. त्यांची बहुतेक सेवा भारतीय सैन्यात झालेली. १ जूनपासून त्यांची योजना दक्षिणेकडून, जोहोरपासून सुरू झाली. तिचा गाभा पुनर्वसनाइतकाच समित्यांचा होता. प्रत्येक जिल्ह्यात मुलकी अधिकारी, पोलीस प्रमुख आणि तिथल्या पलटणीचा कमांडर एका टेबलावर बसणार. अध्यक्ष मुलकी अधिकारीच. संचारबंदी लावणे, शिधा ठरवणे, गाव हलवणे हे निर्णय कागदावर तरी मुलकी राहिले. लष्कराचे काम वेढा, गस्त आणि घात लावणे. अनेक ठिकाणी कमांडरचा आवाज सर्वांत मोठा असे. गावांच्या जागा पाहिल्या की ते लगेच कळते.

जागा निवडताना लष्करी अधिकारी पाहत असे तो रस्ता, गोळीबाराला मोकळे मैदान आणि चौकीवरून दिसणारे कुंपण. शेतकरी पाहतो पाणी, उतार आणि माती. परिणामी बरीच गावे सखल, पाणी साचणाऱ्या जमिनीवर किंवा खाणीच्या उरलेल्या वाळूवर वसली. विहिरी आणि संडास जवळजवळ आले. कुंपण घरांना इतके चिकटून बांधले गेले की परसातून तांदळाची पुरचुंडी बाहेर भिरकावणे मुलालाही जमत असे. नंतर घरे आणि तार यांच्यामध्ये मोकळा पट्टा सोडणे, दुसरे कुंपण उभारणे आणि दिवे लावणे आले. दिवे जनरेटरवर चालत. तो बंद पडला की रात्रभर अंधार, आणि तार कापायला एवढा वेळ पुरत असे.

हलवण्याची रीत साधारण अशी. ट्रक लांब थांबवायचे, कारण इंजिनाच्या आवाजाने कुत्री भुंकतात. उजाडण्याआधी तुकड्या चालत येऊन वेढा पूर्ण करायच्या. उजाडताच माणसे एकत्र करायची, ओळखपत्रे तपासायची, सामान, डुकरे, कोंबड्या ट्रकवर चढवायच्या. मागे राहिलेले घर मोडायचे किंवा जाळायचे, म्हणजे परत येण्याचा मोह नको. आधी सूचना द्यायची नाही, कारण सूचना मिळाली की तरुण पुरुष जंगलात जातात. हे तर्काला धरून होते, पण उभे पीक तसेच सोडून जावे लागे. नव्या जागी घराचा तुकडा, बांधकामाचे साहित्य आणि थोडी रोख रक्कम मिळे. शेतीची जमीन मिळेल असे सांगितले जाई. अनेक गावांत ती मिळायला वर्षे लागली, काहींत मिळालीच नाही. त्यामुळे भाजी पिकवणारे लोक मळ्यांवर आणि खाणींत रोजंदारीवर गेले.

गावाचा रोजचा कारभार पुनर्वसन अधिकाऱ्याकडे असे. यांतले पुष्कळ जण तरुण, सैन्यातून किंवा पोलिसांतून आलेले. चिनी बोलणारे फार थोडे. युद्धापूर्वी चिनी समाजाशी बोलण्यासाठी एक वेगळे सरकारी खाते होते, १८७७ मध्ये सिंगापुरात सुरू झालेले. युद्धानंतर ते मोडीत काढले आणि नेमकी गरज पडली तेव्हा हक्का, कँटोनीज, होक्किएन जाणणारी माणसे हाताशी उरली नाहीत. सगळा भार सहायक अधिकाऱ्यांवर पडला. ते बहुधा स्थानिक चिनी, आणि दोन्ही बाजूंच्या संशयाचे धनी. चौकीवरचे शिपाई मलय, दाराबाहेर पडणारे चिनी, हुकूम इंग्रजीत. झडतीत झालेला एखादा अपमान महिनाभराच्या औषधवाटपावर पाणी फिरवत असे.

फाटकाचे गणित सर्वांत नाजूक. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यात जास्त वाहतो. ऊन चढले की धार मंदावते. चीक काढणाऱ्याला अंधारातच झाडापाशी पोहोचायला हवे. फाटक सहाला उघडायचे, प्रत्येकाची झडती घ्यायची, रांग शेकड्यांची, म्हणजे कामाला सात वाजणार आणि मजुरी कमी होणार. स्त्रियांची झडती स्त्रियांनीच घ्यायची हा नियम, पण झडती घेणाऱ्या बायका पुरेशा नसत. मग एकतर रांग तुंबे किंवा बायका तशाच सुटत, आणि तांदूळ मुख्यतः त्याच वाटेने जाई. सायकलच्या नळ्या, बांबूच्या कावडी, डुकरांच्या खाद्याच्या बादल्या, मैल्याच्या बादल्या या ठरलेल्या जागा. शेवटच्या दोन कुणी तपासायला धजत नसे.

म्हणून तपासणी फाटकावरून दुकानाकडे सरकली. जून १९५१ पासून अन्नबंदीची मोहीम जोरात सुरू झाली. शिधा माणशी ठरलेला, दुकानदाराने साठ्याची वही ठेवायची, डबाबंद अन्न विकतानाच डब्याला भोक पाडायचे म्हणजे साठवता येणार नाही. अन्नाचे ट्रक फक्त दिवसा, ठरावीक रस्त्याने. कामावर जाताना जेवणाचा डबाही न्यायचा नाही. पुढच्या मोहिमांत काही गावांत कच्चा तांदूळ घरी ठेवायलाच बंदी आली. एकाच स्वयंपाकघरात भात शिजवून वाटायचा, कारण त्या हवेत शिजलेला भात काही तासांत आंबतो आणि जंगलात पोहोचेपर्यंत निकामी होतो. लष्करी दृष्टीने हा उपाय अचूक होता. आठ तास राबून उपाशी परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो काय होता, हे वेगळे सांगायला नको.

गावाला सामूहिक शिक्षा करण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग तांजुंग मालिमचा. मार्च १९५२ मध्ये तिथे कापलेली पाण्याची नळवाहिनी दुरुस्त करायला गेलेल्या पथकावर हल्ला होऊन बारा जण मारले गेले. ऑक्टोबर १९५१ मध्ये आधीचे उच्चायुक्त, म्हणजे मलायातले सर्वोच्च ब्रिटिश अधिकारी, गनिमांच्या हल्ल्यात मारले गेल्यानंतर आलेले नवे उच्चायुक्त लष्करी जनरल होते. ते स्वतः तिथे आले, गावातल्या प्रतिष्ठितांना गोळा करून खडसावले आणि २२ तासांची संचारबंदी लावली. दुकाने दिवसाला दोन तास उघडी, शाळा बंद, बस बंद, तांदळाचा शिधा बराच कमी. मग घरोघर प्रश्नावली वाटली. माहिती असेल तर लिहा, सही नको. कागद कुलूपबंद पेट्यांत गोळा करून गावच्या प्रतिनिधींसमोर क्वालालंपूरला उघडले. काही अटका झाल्या आणि १३ दिवसांनी संचारबंदी उठली.

यश म्हणून हे पुष्कळदा सांगितले जाते. ब्रिटनमध्ये तेव्हाच टीका झाली होती, आणि ती रास्त होती. ज्यांनी काही पाहिलेच नाही त्यांनाही उपाशी ठेवून जी चिठ्ठी मिळते, तिच्यात जुने भांडण किती आणि खरी खबर किती, हे कोण ठरवणार? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेरमातांग तिंगी इथे याहून टोकाचे पाऊल उचलले गेले : सहायक पुनर्वसन अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल कुणी बोलेना, म्हणून सगळे गावकरी ताब्यात घेऊन गावच रिकामे केले. यानंतर सामूहिक शिक्षेचा वापर ओसरत गेला. बक्षीस म्हणून उलटा मार्ग पुढे आला. सप्टेंबर १९५३ मध्ये मलाक्काचा काही भाग ‘पांढरा’ जाहीर झाला. तिथे संचारबंदी आणि शिधाबंदी उठली. शेजारच्या गावाला मोकळे फिरताना पाहणे हे प्रश्नावलीपेक्षा जास्त परिणामकारक ठरले.

१९५२ पासून गावांत निवडलेली मंडळे आली आणि चिनी होमगार्डांना बंदुका मिळाल्या. सुरुवातीला बंदूक गस्तीपुरती चौकीतून घ्यायची आणि परत करायची. १९५४ पर्यंत अशी सुमारे ४८० गावे उभी होती.

हा नमुना बाहेर गेला तेव्हा त्यातला जमिनीचा भाग गळून पडला. दक्षिण व्हिएतनाममध्ये १९६२ ला कुंपणाच्या वस्त्या उभारल्या गेल्या. भारतातही जानेवारी १९६७ पासून मिझो टेकड्यांतली गावे रस्त्याच्या कडेला एकत्र केली गेली, आणि तिथे मलायाचे उदाहरण समोर होते. पण मिझो माणूस स्वतःच्या झूम (फिरत्या शेतीच्या) जमिनीवरून उठवला गेला होता. मलायातल्या स्क्वॉटरला निदान कागद मिळण्याची आशा होती. मिझोंना हातचे होते ते सोडावे लागले. दोन्हींना एकच नाव देणारे हा फरक विसरतात.

नावाचा आणखी एक गोंधळ. मलयमध्ये या गावांना ‘कंपुंग बारू’ म्हणतात, म्हणजे नवे गाव. क्वालालंपूरच्या मध्यभागी असलेला प्रसिद्ध कंपुंग बारू मात्र आणीबाणीच्या अर्धशतक आधीची मलय वसाहत आहे. तिचा याच्याशी संबंध नाही. जिनजांग, सेरी केंबांगन ही चिनी नवी गावे आज शहरात मिसळली आहेत. तार गेली, फाटक गेले. १९६५ मध्ये मलेशियातल्या स्थानिक निवडणुका स्थगित झाल्या आणि गावप्रमुख पुन्हा वरून नेमले जाऊ लागले. घरांना मिळालेले पट्टे बहुधा ठरावीक मुदतीचे, बरेचसे ३० वर्षांचे. मुदत संपली की नूतनीकरणासाठी भरायच्या अधिमूल्याचा (प्रीमियमचा) आकडा राज्य सरकार ठरवते, कारण जमीन अजूनही राज्याचाच विषय आहे. कुटुंबे वाढली, घराचा तुकडा तेवढाच राहिला. मग पुढच्या पिढीने गावाच्या कडेला, नोंद नसलेल्या जमिनीवर घरे बांधली, आणि सरकारी कागदांत त्या घरांपुढे पुन्हा तोच जुना शब्द आला.