व्हायकिंग तलवारीची मूठ घडवून घेताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हायकिंग तलवारीच्या प्रतिकृतीचे बऱ्यापैकी पाते आज विकत मिळते. मूठ मात्र त्याच्यासोबत जी येईल ती गळ्यात पडते: एकाच साच्यातून काढलेली, सोनेरी मुलाम्याची, टोकाला नट आवळून बसवलेली. ती काढून नवी करून घ्यायला लोक आमच्याकडे येतात. आम्ही फक्त मुठीचे काम करतो. मूठ म्हणजे पात्याला लागून असलेली खालची परज, पकड, वरची परज आणि तिच्यावरचा माथा. पाते आम्ही घडवत नाही आणि आलेल्या पात्याला धारही लावून देत नाही. धारदार तलवार 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा बोथट पातेच पाठवा.

पाते एकीकडचे आणि मूठ दुसरीकडची, यात वावगे काही नाही. व्हायकिंगांच्या, म्हणजे आठव्या ते अकराव्या शतकातल्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्यांच्या, काळीही तसेच चालायचे. 'उल्फबेर्ट' अशी अक्षरे असलेली पाती बहुधा फ्रँकांच्या राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात), ऱ्हाइन नदीच्या बाजूला घडत. सापडली आहेत ती मात्र मोठ्या संख्येने नॉर्वेत. 864 साली चार्ल्स द बाल्ड या फ्रँक राजाने व्हायकिंगांना शस्त्रे विकणाऱ्यांना देहदंड फर्मावला, त्यावरून हा धंदा किती जोरात असेल याचा अंदाज येतो. पाते हाती आले की उत्तरेतला कारागीर त्यावर आपल्या रीतीची मूठ चढवी. आपल्याकडच्या फिरंगी तलवारींची गोष्ट हीच आहे, पाते युरोपातले आणि मूठ इथली.

आधी प्रकार, मग नक्षी

बहुतेक ग्राहक फोनवर नक्षीचे चित्र दाखवतात आणि विचारतात, हे होईल का? होईल, पण आम्ही आधी मुठीचा आकार विचारतो. नॉर्वेचे यान पीटरसन यांनी 1919 मध्ये तिथल्या तलवारींची मुठींवरून वर्गवारी केली आणि प्रकारांना रोमन अक्षरे दिली. शंभर वर्षांनंतरही संग्राहक आणि संग्रहालये तीच अक्षरे वापरतात, म्हणून आम्हीही वापरतो.

नवव्या शतकातली मूठ हवी असेल तर 'एच' प्रकार घ्या. नॉर्वेत हा मोठ्या संख्येने सापडला आहे. माथा त्रिकोणी, परजांवर उभ्या ठोकून बसवलेल्या धातूच्या तारा. 'एम' प्रकाराला माथाच नसतो, दोन सरळ परजा आणि संपले. नक्षीही जवळपास नाही, आणि खरे सांगायचे तर बजेट कमी असेल तेव्हा खोट्या चांदीच्या 'एच'पेक्षा साधा लोखंडी 'एम' कितीतरी उमदा दिसतो. 'के' आणि 'ओ' यांचा माथा पाच पाकळ्यांचा. 'एस' दहाव्या शतकातला, तीन पाकळ्यांचा आणि भरगच्च. 'एल'च्या परजा वाकलेल्या असतात आणि तो इंग्लंडच्या बाजूचा. 1976 मध्ये यॉर्कशरमधल्या गिलिंग गावच्या ओढ्यात एका नऊ वर्षांच्या मुलाला अशी तलवार सापडली. तिच्या मुठीवर चांदीच्या पट्ट्या आहेत आणि ती यॉर्कशर म्युझियममध्ये ठेवली आहे.

आकार ठरला की नक्षीचे निम्मे काम आपोआप मार्गी लागते. 'एच'च्या मुठीवर अकराव्या शतकातल्या रिंगेरिके शैलीच्या लांब वेली घातल्या तर जाणकार माणूस लगेच भुवया उंचावतो. त्या वेली हव्याच असतील तर मूठही त्याच सुमाराची घेऊ.

तार बसवणे

सगळ्यांत वेळ खाणारे आणि आम्हाला सगळ्यांत आवडणारे काम हे. परज मऊ पोलादाची घडवतो, कानशीने आकाराला आणतो आणि मग बारीक छिन्नीने तिच्यावर एकमेकींना खेटून उभ्या खोबण्या पाडतो. खोबण तळाशी किंचित रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवावी लागते. तापवून मऊ केलेली तार तीत ठोकली की धातू तळाशी पसरतो आणि अडकून बसतो. गोंद नाही, झाळकामाचा डाग नाही. शेवटी सगळी परज कानशीने सपाट करून जिल्हई दिली की लोखंड आणि चांदीच्या रेषा एका पातळीत येतात.

तार शुद्ध चांदीची वापरतो. दागिन्यांची 92.5 टक्क्यांची चांदी कडक असते, ती खोबणीत भरण्याऐवजी उसळते. मूळ मुठींवर चांदीसोबत तांबे आणि पितळही दिसते. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एकत्र पिळून बसवल्या की तिरक्या रेघांची वीण उमटते. एकाच धातूच्या दोन पिळलेल्या तारा, एक उजवीकडे पिळलेली आणि एक डावीकडे, शेजारी बसवल्या तर गव्हाच्या ओंबीसारखी नक्षी होते.

दुसरी रीत याहून सोपी. लोखंडावर आडव्यातिडव्या बारीक रेघा ओढून ते खरखरीत करायचे आणि त्यावर पातळ पत्रा किंवा तार ठोकून बसवायची. उदयपूरची कोफ्तगिरी याच तत्त्वावर चालते. आमच्याकडे कोफ्तगिरी शिकलेला कारागीर आहे, त्यामुळे हे काम स्वस्तात आणि लवकर होते. पण घासून घासून वर्षांनी पत्रा झिजतो. खोबणीतली तार तशी झिजत नाही. तलवार भिंतीवर राहणार असेल तर कोफ्तगिरी पुरे. हाताळणार असाल, प्रयोगांत नेणार असाल, तर खोबणीचेच काम घ्या.

लोखंडात चांदीची तार कुठवर जाऊ शकते हे पाहायचे असेल तर कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या, डेन्मार्कमधल्या मामेन इथे सापडलेल्या कुऱ्हाडीचे फोटो जरूर बघा. तलवार नाही, तरी आमच्या कारागिरांसाठी तो धडाच आहे. ती ज्या थडग्यात होती त्याची लाकडे 970–71 च्या हिवाळ्यात तोडलेली आहेत.

चांदीचा पत्रा आणि काळी नक्षी

श्रीमंत मुठींवर पूर्ण चांदीचा पत्रा चढवून त्यावर कोरीव काम असे, आणि कोरलेल्या रेषांत निएलो नावाचा काळा लेप भरलेला असे. चांदी आणि गंधक यांचा तो संयोग. पुढच्या काळात त्यात शिसे घालू लागले. आम्ही शिशाचे निएलो करत नाही, कारण त्याचा धूर कारागिराच्या पोटात जातो. कोरलेली चांदी गंधकाच्या द्रावणाने काळी करून वरचा भाग उजळतो. शेजारी शेजारी ठेवली तर मूळचा काळा थोडा गडद आणि चकचकीत दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो. पाऱ्याचा सोन्याचा मुलामाही आम्ही देत नाही. सोनेरी रंग हवा असेल तर विजेवर मुलामा देऊन आणतो.

या श्रीमंतीचा एक सुंदर नमुना 2011 मध्ये दक्षिण नॉर्वेतल्या सेटेस्डाल खोऱ्यात, लँगेइड इथल्या थडग्यात मिळाला. तलवारीची लांबी 94 सेंटिमीटर, पकडीवर चांदीची तार गुंडाळलेली, माथा आणि परजा चांदीने मढवून त्यात सोन्याचे बारकावे, कडेने तांब्याच्या मिश्रधातूची तार. माथ्यावर क्रूस धरलेला हात आहे. या धर्तीची मूठ आम्ही करतो, फक्त दर ऐकून घ्या आणि मग हो म्हणा.

तोल

माथा जड केला की तोल हाताकडे सरकतो. सव्वा किलोच्या आसपास असलेल्या तलवारीचा तोल परजेपासून 16 सेंटिमीटरवर असेल आणि माथ्यात 50 ग्रॅम वाढले तर तो साधारण 1 सेंटिमीटर मागे येतो. मूळचे कित्येक माथे आतून पोकळ होते, ते उगीच नाही. म्हणून भरीव ओतीव माथा मागितला तरी आम्ही आधी पाते तोलून बघतो.

पकड लहान वाटेल. ती साधारण 9 ते 10 सेंटिमीटरच असते आणि मूठ आवळली की दोन परजांमध्ये घट्ट बसते. आपल्याकडच्या जुन्या तलवारींची पकडही लहानच असते. हात मोठा आहे म्हणून 12 सेंटिमीटर करून मागणारे बरेच येतात. आम्ही करून देतो, पण सगळे प्रमाण बिघडते. आधी लाकडी नमुना हातात धरून बघा, मग ठरवा.

पकडीला लाकूड किंवा म्हशीचे शिंग वापरतो. सांबर-चितळाचे शिंग मागू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

जोडणी

पाते आले की पहिल्यांदा खांद्याची रुंदी आणि मुठीत शिरणारी शेपटी मोजून प्रत्यक्ष मापाचे चित्र काढतो. ओतकाम असेल तर मेणाचा नमुना थोडा मोठा धरतो, कारण थंड होताना धातू आकसतो. परजेचे भोक मुद्दाम अरुंद ठेवून पात्यावर लावत लावत कानशीने मोठे करतो. परज आणि पाते यांत नख जाईल एवढी फट राहिली तर ती पुन्हा करतो.

नक्षी जोडणीच्या आधी पुरी होते. मग परज, पकड, वरची परज शेपटीवर ओवून टोक ठोकून रिव्हेटसारखे पसरवतो, आणि माथा वरच्या परजेला खालून दोन रिव्हेटांनी बसवतो. नट नसतो. त्यामुळे एकदा ठोकले की मूठ सुटी होत नाही. बदल सुचवायचे तर त्याआधी. ठोकण्यापूर्वी फोटो पाठवतो आणि तुमचा होकार येईपर्यंत थांबतो.

माथ्यावर लांडग्याचे डोके, परजेवर लाल खडे, पकडीवर रुन्स (उत्तर युरोपातली जुनी कोनदार लिपी): या तीन फर्माइशी सर्रास येतात. सिनेमात ते शोभते. सापडलेल्या मुठींवर अक्षरे असलीच तर क्वचित, आणि तीही सहसा रोमन. आयर्लंडमध्ये 1928 साली बॅलिंडरी इथे सापडलेल्या तलवारीच्या पात्यावर उल्फबेर्ट आणि खालच्या परजेवर 'हिल्टिप्रेख्ट' असे नाव आहे. तुम्हाला तुमचे नाव घालायचे असेल तर त्या जागी, त्याच धाटणीच्या अक्षरांत घालू. शोभेल.

हिशेब

चांदीचे वजन काम झाल्यावर तुमच्यासमोर करतो आणि भाव त्या दिवशीचा लावतो. मजुरी वेगळी, ती चित्र मंजूर होतानाच लिहून देतो आणि नंतर वाढवत नाही. निम्मी रक्कम आगाऊ. पाते परगावाहून येत असेल तर लाकडी खोक्यात पाठवा. पुठ्ठ्याचे टोकाशी फाटते.

घरी नेल्यावर

चांदी-पितळ काळे पडले म्हणून चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. मुद्दाम आणलेला काळेपणा निघून जातो, शिवाय आंबट रस खोबणीत शिरून लोखंड गंजवतो. गंज फुगला की तार वर उचलली जाते आणि ती परत बसवणे नव्या कामापेक्षा किचकट असते. मऊ सुती कापड पुरते. लोखंडी भागावर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि कोकणात असाल तर दर आठवड्याला. चामड्याच्या म्यानात तलवार महिनोन्महिने ठेवू नका, चामडे ओल धरते. पहिल्या पावसाळ्यानंतर तलवार एकदा आमच्याकडे आणा, तारा आणि रिव्हेट तपासून देतो. त्याचे पैसे घेत नाही.