रुग्ण–व्हेंटिलेटर विसंवाद

व्हेंटिलेटरवरील रुग्णाला हवा असलेला श्वास आणि यंत्राने दिलेला श्वास यांची वेळ, वेग किंवा मात्रा न जुळणे म्हणजे रुग्ण–व्हेंटिलेटर विसंवाद. मुंबईतल्या आयसीयूत यालाच ‘पेशंट मशीनशी भांडतोय’ म्हणतात. हे बोलणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. बहुतेक वेळा तो हवा मागत असतो आणि यंत्राला ते उमगत नसते.

ओळखायचे तर स्क्रीनआधी चादर बाजूला करावी. फुललेल्या नाकपुड्या, ताणलेली मान आणि कपाळावरचा घाम आधी दिसतो. पोटावर तळहात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. हाताला ३० श्वास लागले आणि यंत्र २० दाखवत असेल, तर १० प्रयत्न वाया गेले. भेटीच्या वेळेत एखादा मुलगा म्हणतो, ‘सिस्टर, आईचं पोट बघा ना, मशीनच्या आधीच हलतंय.’ ते निरीक्षण मोलाचे असते. दमा व सीओपीडीत (फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असे वाया जाणारे प्रयत्न विशेष आढळतात. आधीचा श्वास पुरता बाहेर पडत नाही, छातीत दाब साठतो आणि त्यावर मात होईपर्यंत यंत्राला रुग्णाच्या प्रयत्नाची चाहूल लागत नाही. स्क्रीनवर उच्छ्वासाच्या प्रवाहरेषेत तेवढा एक बारीक उंचवटा उठतो.

दुहेरी ट्रिगर अधिक घातक. ट्रिगर म्हणजे यंत्राला श्वास सुरू करायला लावणारा इशारा. यंत्राचा श्वास रुग्णाच्या ओढीआधीच संपतो, ओढ चालूच राहते आणि लगोलग दुसरा श्वास आत जातो. ६० किलोच्या हिशेबाने, किलोमागे ६ मिलि. धरून, लावलेले ३६० मिलि. मग ७२०च्या आसपास पोहोचतात, म्हणजे किलोमागे १२ मिलि. एआरडीएस या फुप्फुसांच्या गंभीर आजारात किलोमागे १२ऐवजी ६ मिलि. दिल्याने मृत्यू घटतात, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने दाखवले आहे. यंत्राच्या हवेचा वेग रुग्णाच्या ओढीला कमी पडला, तर स्क्रीनवरची दाबाची रेषा मध्येच खोलगट होते.

एकूण श्वासांपैकी १० टक्क्यांहून अधिक विसंगत असल्यास विसंवाद गंभीर मानतात. झोपेचे औषध वाढवणे हा पहिला उपाय नव्हे. गाढ झोपेतही यंत्राच्या श्वासामागोमाग रुग्णाचा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा आकुंचन पावू शकतो, त्याला उलट ट्रिगर म्हणतात. आधी वेदना, कफ, दुमडलेली नळी आणि यंत्राची मांडणी पाहावी. रुग्ण एकाएकी घाबराघुबरा झाला, तर यंत्र काढून अँबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास द्यावा आणि श्वासनलिकेतली नळी सरकली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, हे तपासावे.

स्वयंट्रिगर वाया जाणाऱ्या प्रयत्नांच्या नेमका उलट. एसीच्या गारव्यात यंत्राच्या नळीच्या खोलगट भागात पाणी साचते. ते थरथरले किंवा कुठे गळती असली, तरी यंत्र न मागितलेले श्वास देऊ लागते. हृदयाच्या ठोक्यांनीही असे घडते. मेंदूमृत्यूच्या तपासणीत तर यंत्रावरचा श्वासांचा आकडा वाढलेला पाहून नातेवाइकांना वाटते, श्वास सुरू झाला. म्हणूनच तिथे रुग्णाला व्हेंटिलेटरपासून सोडवून, ऑक्सिजन चालू ठेवून, छाती हलते का ते डोळ्यांनी पाहतात.